डॉक्टर आणि पक्षी-अभ्यासक असलेल्या आजोबांच्या कागदांपैकी काय ठेवावं, काय टाकावं?

तुम्ही लिहिलंय की आजोबा चार ट्रंका भरून कागद ठेवून गेलेत. एखाद्या संग्रहाला द्यायचे तर पक्ष्यांच्या वह्या तेवढ्या निवडून दवाखान्याचे कागद काढून टाकले तर चालेल का, आणि कुठे द्यावेत?

नाही चालणार. निवडायला बसूच नका. आम्ही बसलो होतो, म्हणून सांगतो.

आमचे बाबाही डॉक्टर, आणि पक्षी पाहणारे. ते गेले तेव्हा दादाने आणि मी त्यांची खोली दोन दिवसांत रिकामी केली. जमिनीवर दोन ढीग केले, एक पक्ष्यांचा, एक दवाखान्याचा. पक्ष्यांच्या ढिगात अकरा डायऱ्या आल्या. दुसऱ्यात रुग्णांची रजिस्टरं, केसपेपर, औषधांच्या पावत्या. मी म्हणत होतो, सगळं एकत्र राहू दे. दादा म्हणाला, "कुणाला मूळव्याध होती हे जपून काय करणार आहेस?" तो मोठा, त्यात दिवस तसले. मी गप्प बसलो. डायऱ्या एका संस्थेला दिल्या, रजिस्टरं रद्दीत गेली.

तीन वर्षांनी त्या डायऱ्यांवर काम करणाऱ्या एका मुलीचा फोन आला. म्हणाली, "काका, प्रत्येक नोंदीत तारीख आहे, वेळ आहे, पक्षी आहे. पण जागा लिहायची तिथे नुसतं 'व्हि. २३१', 'व्हि. २४०' असं आहे. ही कसली खूण?"

ऐकताक्षणी पोटात खड्डा पडला. बाबा व्हिजिटला जाता-येता पक्षी पाहायचे. कुणाकडे गेलो, ते घर कुठे, हे रजिस्टरात लिहिलेलंच असायचं, मग डायरीत पुन्हा कशाला लिहा? ते फक्त व्हिजिटचा नंबर टाकायचे. म्हणजे अकरा डायऱ्यांमधल्या जागा आम्ही किलोच्या भावाने विकल्या होत्या. रातवा, हा रात्री उडणारा पक्षी, कुठे दिसला, हेच माहीत नसेल तर ती नोंद अभ्यासकाच्या काय कामाची?

एक रजिस्टर तेवढं रद्दीतून वाचलं होतं. कपाट डुगडुगायचं म्हणून त्याच्या पायाखाली सारलेलं. ते ओढून काढलं. २३१: "बाळंतीण. रात्री १.४०. ओढ्यापलीकडचं मळ्यातलं घर. मुलगा, दोघं ठीक." आणि समासात पेन्सिलीने, तिरक्या बारीक अक्षरात: "परतताना रस्त्यातच रातवा बसलेला. गाडीच्या दिव्यात डोळे लाल. अगदी जवळ जाईतो उठला नाही." हे वाक्य डायरीत नाही. तिथे फक्त "रातवा, १" एवढंच आहे. त्या रजिस्टराने दीड वर्षाच्या नोंदींना जागा मिळाली. बाकीच्या नोंदी आजही नुसते आकडे आहेत.

दादा अजून म्हणतो, "डॉक्टरकी वेगळी, छंद वेगळा." त्याला मी कॅसी वुडचं उदाहरण देतो. कॅनडात जन्मलेला हा डोळ्यांचा डॉक्टर. रुग्णांच्या डोळ्यांत आतून पाहायचं जे यंत्र, तेच त्याने पक्ष्यांच्या डोळ्यांवर धरलं आणि १९१७ साली त्यांच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर सचित्र ग्रंथ काढला. तो ग्रंथ दादा कुठल्या ढिगात टाकणार? याच वुडने पुढे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात पक्षिशास्त्राचं ग्रंथालय उभं केलं. त्यासाठी १९२४ साली लंडनमध्ये त्याने पक्ष्यांच्या जुन्या चित्रांचा एक गठ्ठा विकत घेतला. ती चित्रं एलिझाबेथ ग्विलिमची, मद्रासमधल्या न्यायाधीशाची बायको, १८०१ ते १८०७ या काळात तिथे काढलेली. चित्रं माँट्रियलला आणि तिने तिथून आईला, बहिणीला लिहिलेली पत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. एका बाईच्या हातचे कागद अमेरिका आणि युरोप अशा दोन खंडांत. हल्ली कुठे अभ्यासकांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचायला घेतलेत.

कच्चे मसुदेही टाकू नका. देवीच्या लसीचा जेन्नर खेड्यातला डॉक्टर होता, पण रॉयल सोसायटीत, म्हणजे लंडनमधल्या शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्थेत, तो गेला कोकिळेवरच्या निबंधाच्या जोरावर. आधी पाठवलेल्या निबंधात त्याने लिहिलं होतं की घरट्याचे मालक पक्षीच आपली पिल्लं बाहेर टाकतात. मग जून १७८७ मध्ये त्याने कोकिळेचं नुकतं जन्मलेलं पिल्लू दुसऱ्या पिल्लाला पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलताना स्वतः पाहिलं. निबंध परत मागवला, बदलला, आणि तो १७८८ साली छापून आला. नुसता छापील निबंध पाहिला तर आपलं म्हणणं मोडून काढणारा हा माणूस दिसतच नाही.

आता दादाची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. रजिस्टरात लोकांची नावं आणि आजार असतात, ते कुणाच्याही हाती पडता कामा नयेत. हे तो म्हणाला होता आणि ते बरोबरच होतं. पण त्यावर उपाय रद्दी नव्हे. रुग्णांचे कागद वेगळ्या पेटीत बंद ठेवा, अमुक वर्षं उघडायची नाही अशी लेखी अट घाला, किंवा संस्थेच्या माणसाकडून नावं झाकून फक्त नंबर आणि ठिकाण उतरवून घ्या. कुठे द्यायचं हे त्यावरच ठरवा. जी संस्था "आम्हाला पक्ष्यांचंच द्या" म्हणेल, तिला देऊ नका.

वाळवी लागलेलं बाजूला ठेवा, बाकी क्रम हलवू नका, पानांतल्या चिठ्ठ्या काढू नका. आज रात्री एवढंच करा: आजोबांची एक पक्ष्यांची वही उघडा, त्यात अर्थ न लागणारे आकडे, खुणा, आद्याक्षरं असतील ती उतरवून घ्या आणि बाकीच्या ट्रंकांत तीच कुठे दिसतात ते शोधा. ती सापडेपर्यंत रद्दीवाल्याला फोन करू नका.