खाद्यव्यवसाय सुरू करणाऱ्यांवरचे रिअ‍ॅलिटी शो पाहून खरोखर काही शिकता येते का?

आपल्याला लहानशी खानावळ काढायची आहे, घरी सगळे मिळून असे कार्यक्रम पाहता, आणि त्यांतून काही शिकायला मिळते की ती निव्वळ करमणूक आहे, असा आपला प्रश्न आहे. मी पुण्यात अकरा वर्षे पोळी-भाजी केंद्र चालवले आणि हे कार्यक्रम आजही आवडीने पाहतो, म्हणून उत्तर देत आहे. माझ्या मते शिकण्यासारखे त्यांत पुष्कळ असते, परंतु ते बहुतांशी पाकिटाच्या, म्हणजे बंद पाकिटात माल भरून विकण्याच्या, धंद्याचे असते, ताटाच्या, म्हणजे समोर बसवून जेवू घालण्याच्या, धंद्याचे नसते, आणि हा फरक पडद्यावर सहसा कोणी उलगडून सांगत नाही.

आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे डिसेंबर २०२१ मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झालेला 'शार्क टँक इंडिया'. त्यात उद्योजक आपला धंदा गुंतवणूकदारांपुढे मांडतात आणि धंद्यातला काही हिस्सा देऊन भांडवल मागतात; या गुंतवणूकदारांना 'शार्क' म्हणतात. त्याच्या पहिल्या पर्वात केरळी केळ्याचे वेफर्स विकणाऱ्या 'बियाँड स्नॅक'ला अडीच टक्के हिश्श्याच्या बदल्यात ५० लाख रुपये देण्याचे ठरले, म्हणजे त्या धंद्याची किंमत २० कोटी धरली गेली. त्याच पर्वात उत्तर प्रदेशातल्या मोदीनगरच्या, शिकंजी म्हणजे मसालेदार लिंबू सरबत विकणाऱ्या 'जैन शिकंजी'ला ४० लाखांसाठी ३० टक्के हिस्सा द्यावा लागला, म्हणजे किंमत झाली जेमतेम १ कोटी ३३ लाख. त्या रात्री आमच्या घरात चांगलाच वाद झाला. पिढीजात नाव कमावलेल्या माणसांना लुबाडले, असे माझ्या पत्नीचे म्हणणे होते, आणि तसे वाटणारे प्रेक्षक मला नंतरही पुष्कळ भेटले. मला मात्र त्या दोन आकड्यांतच सगळा कार्यक्रम दिसतो. वेफर्सचे पाकीट महिनोन्‌महिने टिकते, एका ठिकाणी तयार होऊन दुसऱ्या राज्यातल्या दुकानात जाऊन बसते. शिकंजीचा पेला मात्र प्यायला माणसाला त्या काउंटरपर्यंत यावे लागते, आणि दुसऱ्या गावी तीच चव द्यायची तर तिथे जागा, नोकर आणि भाडे हे सगळे पुन्हा उभे करावे लागते. गुंतवणूकदार चवीची किंमत करत नसतो, एकाचे शंभर किती सहज होतील याची करत असतो. त्यात अन्याय आहे असे मला वाटत नाही, पण प्रेक्षकाला ते चवीचे परीक्षण वाटते आणि तिथे त्याची फसगत होते.

ताटाचा धंदा पडद्यावर उभा करण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला होता. २०११ मध्ये एनबीसी वाहिनीने 'अमेरिकाज नेक्स्ट ग्रेट रेस्टॉरंट' हा कार्यक्रम दाखवला. तिथे परीक्षकच गुंतवणूकदारही होते, आणि त्यांत बॉबी फ्ले यांच्यासारखे नामवंत शेफ आणि 'चिपोटले' ही उपाहारगृहांची साखळी उभी करणारे स्टीव्ह एल्स होते. विजेता जमॉन वुड्स हा डेट्रॉइटचा माणूस कोंबडीचे पंख आणि वॉफल घेऊन आला होता. परीक्षकांच्या सूचनांनुसार त्याचे पदार्थ बदलत बदलत कमी तेलकट झाले आणि 'सोल डॅडी' या नावाने न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि मिनिॲपोलिसजवळचा मॉल अशा तीन ठिकाणी एकदम उपाहारगृहे उघडली. मे महिन्यात अंतिम भाग झाला आणि जून संपेपर्यंत तिन्ही बंद झाली होती. पैसा होता, जाणकार होते, फुकटची जाहिरात तर अशी की आपण स्वप्नातही मागणार नाही. तरीही ज्याने आधी एक दुकान वर्षभर चालवलेले नाही, त्याला एकदम तीन शहरांत बसवले, हे मला मुळातच उलटे वाटते. गिऱ्हाईक पहिल्यांदा टीव्हीमुळे येईल. दुसऱ्यांदा ते ताटामुळे, त्याच्या दरामुळे आणि दुकान त्याच्या वाटेवर असल्यामुळे येते.

आता माझ्या केंद्राचे सांगतो. आमचे कंबरडे मोडले ते भाजीच्या चवीमुळे नव्हे, भाड्यामुळे. रेस्टॉरंट म्हणून ५ टक्के जीएसटी भरणाऱ्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे जागामालक भाड्यावर १८ टक्के कर लावू लागला, की तो थेट आपल्या खिशातून जातो. वेफर्सचा कारखाना चालवणाऱ्याला ही वजावट सहसा मिळते, त्यामुळे हा प्रश्न त्याला अशा रूपात भेडसावत नाही, म्हणून कार्यक्रमातही तो ऐकू येत नाही. तीच गोष्ट पोळ्या लाटणाऱ्या मावशींनी अचानक रजा घेण्याची, १९ किलोचा सिलिंडर ऐन दुपारी संपण्याची आणि उरलेल्या अन्नाची. उरलेले पाकीट उद्या विकता येते, उरलेली आमटी नाही.

निकालावरही फार विसंबू नये. दरभंग्याच्या नणंद-भावजयींच्या 'झाजी' लोणच्यांना पहिल्या पर्वात एकाही शार्कने पैसे दिले नाहीत, आणि पुढे त्यांच्यापैकीच विनीता सिंग आणि नमिता थापर यांनी त्यात गुंतवणूक केली. उलट, कॅमेऱ्यासमोर हात मिळवल्यावरही कागदपत्रांची तपासणी व्हायची असते आणि काही सौदे तिथेच बारगळतात. (नकार मिळताच वाजणाऱ्या त्या करुण संगीताचा मला मनस्वी कंटाळा आहे, तेवढा वेळ मी चहा करून घेतो.)

तरीही पाहू नका असे मी म्हणणार नाही. एका नगामागे कच्चा माल कितीचा आणि हातात किती उरते, हा प्रश्न तिथे कोणालाही टाळता येत नाही, आणि आमच्या पिढीतल्या खानावळवाल्यांना तो कोणी विचारलाच नव्हता. तो प्रश्न आला की टीव्ही थांबवावा आणि आपल्या एका ताटाचा हिशोब कागदावर मांडावा: पोळ्या, तेल, गॅस, मजुरी, भाड्याचा वाटा आणि टाकून द्यावे लागणारे अन्नही. मग ज्या भागात जागा घ्यायची आहे तिथल्या चालत्या खानावळीसमोर आठवडाभर दुपारी बारा ते तीन बसून किती माणसे आत जातात ते मोजावे. मी हे न करता गाळा घेतला होता. पहिले चार महिने रोज तीस-चाळीस पोळ्या उरत, आणि घरी रात्रीच्या जेवणाला फोडणीची पोळी ठरलेली असे.