चौघे उरल्यावर एक्का-गुलाम टाकून द्यायचा का?

प्रश्न : मॅडम, आम्ही नऊ मित्र दर शनिवारी रात्री मोबाईलवर फुकटच्या चिप्सवर टर्बो (झटपट संपणारा) पोकर खेळतो. प्रत्येकाला 1,500 चिप्स. ब्लाइंड (दर डावात पानं वाटण्याआधी दोघांनी पाळीपाळीनं भरायच्या सक्तीच्या चिप्स, एकाची लहान रक्कम, दुसऱ्याची मोठी) 10-20 पासून सुरू होतात, दर तीन मिनिटांनी वाढतात आणि पंधरा मिनिटांत 100-200 वर जातात. पहिल्याला 5 गुण, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 2, असा वर्षभराचा तक्ता आहे. मी चांगल्या पानांची वाट बघतो, तरी कायम चौथा नाहीतर पाचवा. परवा चौघे उरलो होतो. एकाकडे 6,000, माझ्याकडे 4,000, तिसऱ्याकडे 3,000 आणि चौथ्याकडे फक्त 500. सहा हजारवाल्यानं ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. माझ्या हातातली दोन पानं एक्का-गुलाम, त्यावर मी कॉल केला, म्हणजे माझ्याही सगळ्या चिप्स लावल्या, आणि बाहेर गेलो. पोरं म्हणतात, ‘भावा, कॉल बरोबर होता, नशीब फुटकं.’ खरं काय? आणि यातून पैसे कमावता येतील का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : कॉल चुकला. एक्का-गुलाम जिंकला असता, तरीही मी हेच म्हटलं असतं.

राजारामपुरीतल्या माझ्या क्लासमध्ये बारावीच्या मुलांना संभाव्यता शिकवताना मी अशीच उदाहरणं घेते, त्यामुळे वही काढ. पानं टाकली असतीस तर काय झालं असतं? 500 वाला एक-दोन डावांत जाण्याच्या बेतात होता. तो गेला की तुझे 2 गुण पक्के, शिवाय पहिला-दुसरा यायची संधी शिल्लक. हे सगळं धरून तुझ्या 4,000 चिप्सची किंमत साधारण 3 गुण होते. कॉल करून जिंकलास तर चिप्स दुप्पट होतात, 8,000. पण गुण दुप्पट होत नाहीत, कारण पहिल्यालाही 5 च मिळतात. त्या 8,000 ची किंमत येते 4 गुणांच्या आसपास. हरलास तर शून्य.

म्हणजे एक गुण वाढवायला तू तीन गुण पणाला लावलेस. हे परवडायला चारपैकी तीन वेळा जिंकायला हवं. समोर कुठलीही दोन पानं आहेत असं धरलं, तरी एक्का-गुलाम शंभरात 65 च्या आसपासच जिंकतो. समोरचा थोडा जरी निवडून खेळत असेल, तर त्याहूनही कमी. तिथं एक्क्यांची, राजांची, फार तर राण्यांची जोडी असती तरच कॉल.

पण हीच पानं घेऊन, बाकीच्यांनी फोल्ड केल्यावर (पानं टाकल्यावर), 3,000 वाल्यावर तू आधी ऑल-इन केलं असतंस तर मी तुझी पाठ थोपटली असती. कारण मग हा सगळा हिशेब त्याला करावा लागतो. तो घाबरून पानं टाकतो, तेव्हा ब्लाइंड तुझे. नाही टाकली, तरी एक्का-गुलाम काही वाईट पानं नाहीत. ऑल-इन करणाऱ्याला जिंकायच्या दोन वाटा असतात, कॉल करणाऱ्याला एकच.

आता वाट बघण्याबद्दल. पंधरा मिनिटांत तुमचे वीस-पंचवीस डाव होत असतील. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते, कुठलीही जोडी म्हटली तरी 17 डावांत एकदा. तुझ्या 1,500 चिप्स सुरुवातीला 75 बिग ब्लाइंड असतात (बिग ब्लाइंड म्हणजे दोनपैकी मोठा, इथं 20). हात न लावता बसलास, तर 100-200 ला त्या साडेसातवर येतात, आणि मध्ये भरलेले ब्लाइंड जातात ते वेगळेच. मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि नुसता बचाव करणाऱ्याला पंच ताकीद देतात, तसं हे आहे.

म्हणून चिप्स मोजू नकोस, आपल्याकडे किती बिग ब्लाइंड उरलेत ते मोज. दहाच्या खाली आलास की अर्धवट रेझ करून (थोड्याच चिप्सनी बोली वाढवून) नंतर पानं टाकणं बंद. एकतर ऑल-इन, नाहीतर फोल्ड. तू डीलर बटनवर (पानं वाटणाऱ्याच्या जागी, जिथं मागे फक्त ब्लाइंड भरणारे दोघे बोलायचे उरतात) आहेस आणि आधीच्या सगळ्यांनी पानं टाकलीत, तर कुठलाही एक्का, कुठलीही जोडी, राजा-राणी यांवर सगळ्या चिप्स ढकल. सगळ्यात आधी बोलायची पाळी असेल, तर मात्र मागे आठ जण बसलेत हे ध्यानात ठेव आणि फार निवडून खेळ.

पैशांचं स्पष्टच सांगते : नको. 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच त्यात ठेवलेला नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण परदेशी ॲपवर पैसे अडकले तर मागायला जाशील कुणाकडे? 2003 साली ख्रिस मनीमेकर या अमेरिकन अकाउंटंटनं 86 डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत जागा मिळवली आणि तिथं 25 लाख डॉलर जिंकले, ही गोष्ट तुला कुणीतरी ऐकवेलच. त्या मुख्य स्पर्धेत 839 जण उतरले होते, हेही त्याला सांग.

तुमचा गुणांचा तक्ता मला फार आवडला. पुढच्या वेळी चौघे उरले की चौघांच्याही चिप्स आणि ब्लाइंड लिहून ठेव आणि मला पाठव. तो हिशेब इथंच मांडू.