‘वकिली’, ‘पैरवी’ की ‘पाठपुरावा’? एका पदनामाविषयी

गोरेगावच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे : “अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी ॲडव्होकसी करणाऱ्या संस्थेत मी रिसर्च लीड करते. माझे पदनाम आणि संस्थेची ओळख मराठीत लिहायची आहे. एका भाषांतरकाराने ‘दिव्यांग अधिकार वकिली संस्था : संशोधन नेतृत्व’ असे करून दिले. ते वाचून चर्चगेटला आमचे विधी कार्यालय असावे असे वाटते. योग्य शब्द कोणते?”

प्रश्न एका ओळीचा दिसतो, पण त्या ओळीतला प्रत्येक शब्द तपासून घ्यावा असा आहे. ॲडव्होकसी म्हणजे एखाद्या गटाचे हक्क मिळावेत म्हणून सरकारदरबारी आणि समाजात नेटाने केलेले प्रयत्न. त्यासाठी भाषांतरकाराने योजलेला ‘वकिली’ हा सर्वांत अडचणीचा शब्द असल्यामुळे आधी त्याचाच विचार करू.

‘वकील’ हा अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आलेला शब्द. आज तो न्यायालयाशी जोडलेला असला तरी पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारी राहून आपल्या धन्याचे म्हणणे मांडणारा प्रतिनिधी. अर्थ बदलला, पण गाभा तोच राहिला : वकील दुसऱ्याच्या वतीने बोलतो, आणि त्याला कोणीतरी अशील लागतो. बोलण्यातही आपण “तू त्याचे वकीलपत्र घेतले आहेस का?” असे म्हणतो, तेव्हा एकतर्फी बाजू घेतल्याचा ठपकाच ठेवत असतो. संशोधन करणाऱ्या व्यक्तीच्या पदनामाशेजारी हा शब्द बसवला, की निष्कर्ष आधी ठरवून आकडे नंतर गोळा केल्याचा संशय वाचकाच्या मनात विनाकारण निर्माण होतो. स्वयंसेवी संस्थांच्या वर्तुळात ‘जनवकिली’ हा शब्द बराच रुळला आहे आणि तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. मात्र त्या वर्तुळाबाहेरच्या माणसाला तो समजावून सांगावा लागतो.

माझा खरा आक्षेप निराळा आहे. अपंगांच्या चळवळीचे जगभर म्हटले जाणारे ब्रीद मराठीत सांगायचे तर ‘आम्हांला वगळून आमच्याविषयी काहीही नको’ असे आहे. डॉक्टर, पालक, शिक्षक आणि दानशूर मंडळी यांनी आपल्या वतीने बोलण्याला कंटाळलेल्या लोकांनी ते स्वीकारले. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार 13 डिसेंबर 2006 रोजी संमत झाला आणि भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी त्याला अनुसमर्थन दिले. त्या कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्यात अपंग व्यक्तींचा व त्यांच्या संघटनांचा पूर्ण सहभाग असावा, असे त्याचे 33वे कलम सांगते. ज्या चळवळीला मुखत्यार नको आहे, तिच्या कामाला ‘वकिली’ म्हणणे हा अर्थाचाच विपर्यास आहे.

‘पैरवी’ हा शब्द हिंदीतल्या संस्था सर्रास वापरतात आणि तेथूनच तो आपल्याकडच्या अहवालांत शिरतो. ‘पै’ म्हणजे पाऊल. पावलावर पाऊल टाकत मागे जाणे, हा त्याचा फारसीतला मूळ भाव. गंमत अशी की नेमक्या याच कल्पनेचा शब्द मराठीकडे स्वतःचा आहे : ‘पाठपुरावा’. पिच्छा पुरवणे, पाठ पुरवणे या प्रयोगांत एखाद्या गोष्टीमागे शेवटपर्यंत जाण्याचा जो चिवटपणा आहे, तोच ‘पाठपुराव्या’त आहे. मंत्रालयात अर्ज दिला आणि पाठपुरावा केला, असे म्हणताना आपण अर्जदाराचे नाव वेगळे विचारत नाही, कारण स्वतःच्या कामाचा पाठपुरावा स्वतः करता येतो. स्वतःची वकिली मात्र सहसा कौतुकाने केली जात नाही. शिवाय या शब्दाच्या पोटात ‘पुरावा’ दिसतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्या दोहोंना एक मानण्याची घाई मी करणार नाही, पण पुरावे गोळा करणाऱ्या विभागाच्या प्रमुख बाईंनी कानाला मिळणारा हा लाभ सोडू नये. म्हणून ॲडव्होकसीसाठी ‘हक्कांचा पाठपुरावा’ किंवा समासात ‘हक्क-पाठपुरावा’ हा माझा पहिला पर्याय. जेथे केवळ सरकारी धोरण बदलण्याचा प्रयत्न अभिप्रेत आहे, तेथे ‘धोरण-पाठपुरावा’ म्हणावे.

‘हक्क’ की ‘अधिकार’, याचे उत्तर सोपे आहे. हिंदीत ‘मानवाधिकार’, मराठीत ‘मानवी हक्क’. आपल्याकडे ‘अधिकार’ या शब्दाला ‘अधिकारी’ची छाया आहे, अधिकार गाजवतात आणि हक्क मागतात. ‘माहितीचा अधिकार’ रूढ झाला आहे हे खरे, तरी 2016 च्या कायद्याला मराठीत ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम’ असेच म्हणतात, आणि आपण त्याच वाटेने जावे.

आता ‘दिव्यांग’. पंतप्रधानांनी 27 डिसेंबर 2015 रोजी आकाशवाणीवरून ‘विकलांग’ऐवजी हा शब्द सुचवला, पुढच्या वर्षी अपंगांसाठीच्या केंद्रीय विभागाचे नाव बदलले, आणि 2022 मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र ‘दिव्यांग कल्याण विभाग’ जाहीर झाला. त्यामुळे कायदा, शासननिर्णय, प्रमाणपत्र व आरक्षण यांविषयी लिहिताना ‘दिव्यांग’च लिहावे लागते. दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने 2019 मध्ये भारताच्या अहवालावर अभिप्राय देताना ‘दिव्यांगजन’ हा शब्द वादग्रस्त असल्याचे नमूद केले, आणि अनेक कार्यकर्त्यांनाही तो नकोसा वाटतो : देवत्व दिले की उतार मागण्याचे, म्हणजे रॅम्प मागण्याचे, कारण उरत नाही, असे त्यांचे म्हणणे. व्याकरणाच्या अंगाने पाहिले तरी या शब्दाची पंचाईत होते. ‘अपघातात त्यांना अपंगत्व आले’ हे सरळ मराठी आहे. ‘अपघातात त्यांना दिव्यांगत्व आले’ हे वाक्य वर्तमानपत्रांत छापून येते तेव्हा अपघात हा वरदानासारखा वाटू लागतो. ‘40 टक्के दिव्यांगत्व’ याबद्दल तर न बोललेलेच बरे.

तरीही ‘अपंग’ पूर्णपणे निर्दोष आहे असे नाही. अपंग, विकलांग, दिव्यांग या तिन्ही शब्दांत ‘अंग’ आहे, आणि 1995 च्या कायद्यातल्या 7 प्रकारांची यादी 2016 च्या कायद्यात 21 वर गेली तेव्हा तिच्यात स्वमग्नता, थॅलेसीमिया, हिमोफिलिया हेही आले. तेथे अंगाला दिसण्यासारखे काहीच नसते. बोरिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये राखीव डब्याला बहुतेक प्रवासी अजूनही ‘हँडिकॅपचा डबा’ म्हणतात, आणि त्यात चढणाऱ्या तरुणाचे हातपाय धड दिसले की त्याच्याकडे कार्ड मागण्याच्या नजरेने पाहतात; शब्दातले ‘अंग’ अशा रीतीने डोळ्यांत भरलेले असते. संस्थेच्या नावात काय असावे हे संस्थेतल्या अपंग सदस्यांनी ठरवावे. माझे मत विचाराल तर स्वतःच्या लेखनात ‘अपंगत्व असलेल्या व्यक्ती’ आणि कायद्याच्या संदर्भात ‘दिव्यांग’ असे दोन्ही ठेवावेत, व त्यामागचे कारण अहवालाच्या आरंभी एकदाच सांगून मोकळे व्हावे.

विशिष्ट गटांची नावे मात्र सैल ठेवू नयेत. ‘मूकबधिर’ टाळावा, कारण ऐकू न येणाऱ्या व्यक्तीला वाचा नसते हे गृहीत चूक आहे आणि सांकेतिक भाषेत बोलणाऱ्याला मुका म्हणणे त्याहून चूक. ‘कर्णबधिर’ योग्य. ‘बधिर’ म्हणजेच बहिरा असताना ‘कर्ण’ कशाला, असा आक्षेप संस्कृतज्ञ घेतात, पण मराठीत पायही बधिर होतो आणि दंतवैद्य हिरडीही बधिर करतो. तेव्हा ‘कर्ण’ येथे फुकटचा नाही.

संशोधनाच्या कामात शब्दांची निवड केवळ शिष्टाचाराची राहत नाही, आकडाच बदलते, आणि प्रश्नकर्त्या बाईंना याचा अनुभव माझ्यापेक्षा अधिक असेल. 2011 च्या जनगणनेत भारतातले 2.68 कोटी लोक, म्हणजे 2.21 टक्के, अपंग म्हणून नोंदले गेले, तर जागतिक आरोग्य संघटना जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे 16 टक्के लोकांना लक्षणीय स्वरूपाचे अपंगत्व असल्याचे सांगते. या दरीची कारणे अनेक आहेत. व्याख्या आणि मोजण्याची पद्धत त्यांत मोठी आहे. दारात उभे राहून “घरात कोणी अपंग आहे का?” असे विचारले, की घर आधी ‘नाही’ म्हणते. म्हणून अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या ‘वॉशिंग्टन ग्रुप’ या आंतरराष्ट्रीय गटाने तयार केलेल्या 6 प्रश्नांत अपंगत्वाचे नावच नाही. पाहणे, ऐकणे, चालणे किंवा पायऱ्या चढणे, लक्षात ठेवणे, स्वतःची देखभाल आणि संवाद यांबाबत किती कठीण जाते, एवढेच विचारतात, आणि उत्तर ‘अजिबात नाही’पासून ‘मुळीच जमत नाही’पर्यंत 4 पायऱ्यांत घेतात.

हे मराठीत आणताना खरी कसोटी लागते. ‘त्रास’ म्हटले तर लोक गुडघ्याचे दुखणे सांगत बसतात. ‘अडचण’ म्हटले आणि समोर परळच्या चाळीतल्या आजीबाई व त्यांची सून असली, तर त्या एकमेकींकडे पाहतात, कारण बायकांच्या बोलीत ‘अडचण’ म्हणजे मासिक पाळी. ‘अवघड’ बरा, पण ‘अवघडलेली’ची आठवण करून देतो. ‘जिना चढायला जड जाते का?’ हे उत्तम मराठी. तोच साचा कानाला लावून ‘ऐकायला जड जाते का?’ केले तर वाक्य बिघडते, तेथे ‘कमी ऐकू येते का?’ हवे. सहा प्रश्नांना एकच क्रियापद लावण्याचा हट्ट सोडावा, असे मी म्हणेन; मात्र मग उत्तरांच्या 4 पायऱ्या प्रत्येक प्रश्नाला तितक्याच नेमक्या बसतात की नाही, हे चार घरी विचारून पाहावे लागेल.

याच अहवालांत ‘लाभार्थी’ हा शब्द शासकीय योजनांतून येऊन ठाण मांडतो. निवृत्तिवेतन मिळते म्हणून माणूस लाभार्थी होत असेल, पण हक्काच्या भाषेत तो ‘हक्कदार’ आहे, आणि पाहणीत उत्तरे देणारा ‘सहभागी’ किंवा ‘उत्तरदाता’. ‘ग्रस्त’ व ‘पीडित’ हे शब्द अपंगत्वाला लावूच नयेत.

राहिले ‘रिसर्च लीड करते’. ‘संशोधनाचे नेतृत्व करते’ हे वाक्य मोर्चाच्या अग्रभागी असल्यासारखे आहे. मराठीत माणूस विभाग सांभाळतो, कामाची धुरा वाहतो, किंवा प्रमुख असतो. पदनामासाठी ‘संशोधनप्रमुख’ हा जोडून लिहिलेला शब्द पुरेसा आहे. तो स्त्रीपुरुष दोघांना चालतो, ‘प्रमुखा’ असे रूप करू नये. ओळख करून देताना ‘अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांचा पाठपुरावा करणाऱ्या संस्थेत त्या संशोधन विभाग सांभाळतात’ असे म्हणावे, आणि कार्डावर जागा थोडी असेल तर दोन ओळी कराव्यात : वर ‘संशोधनप्रमुख’, खाली ‘अपंग हक्क-पाठपुरावा’ आणि मग संस्थेचे नाव. कार्ड छापताना कोपऱ्यात ब्रेलमध्ये नाव उठवून घ्यायचे असेल, तर ते मराठी ब्रेलमध्ये घ्यावे. मराठी ब्रेल ज्या पद्धतीवर आधारलेले आहे त्या भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, देवनागरीची सर्व अक्षरे आहेत, आणि ‘संशोधनप्रमुख’ त्यात व्यवस्थित बसते.