चालताना काही विचारलं की पाऊल अडतं

प्रश्न : वडिलांना पाच महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. डावी बाजू कमजोर आहे. काठी घेऊन घरात बरे चालतात, पण मधेच कुणी काही विचारलं की थांबतात, नाहीतर डावं पाऊल घासतं. आई म्हणते, ‘लक्षच देत नाहीत.’ चालताना त्यांच्याशी बोलायचंच नाही का?

उत्तर : उलट, त्यांचं सगळं लक्ष चालण्यातच खर्च होतंय. पूर्वी पाय उचलणं, तोल सावरणं आपोआप व्हायचं. आता प्रत्येक पावलावर मेंदूच्या पुढच्या भागाला जातीने नजर ठेवावी लागते, आणि उत्तर शोधायलाही तोच भाग लागतो. त्यामुळे दोन्हींतलं एक काम मागे पडतं. थांबून उत्तर देणं शहाणपणाचंच आहे, त्यावरून रागावू नका. मात्र ही खूण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. बोलण्यासाठी चालायचे थांबणारे वृद्ध पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडतात, असं १९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या स्वीडनमधल्या अभ्यासात दिसलं होतं.

आधी मोजून घ्या. जमिनीवर १० मीटरच्या दोन खुणा करा. चालायला पहिल्या खुणेच्या २ मीटर अलीकडून सुरुवात करावी आणि दुसऱ्या खुणेच्या २ मीटर पलीकडे थांबावं. वेळ फक्त मधल्या १० मीटरची. समजा नुसतं चालताना २० सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.५ मीटर. ५० मधून ३-३ वजा करत चालताना २५ सेकंद लागले, तर वेग ०.४ वर आला, म्हणजे २० टक्के घट. बरोबर उत्तरंही मोजा, आधी बसून आणि मग चालताना, दोन्ही वेळा सेकंद तेवढेच. काहीजण चाल टिकवतात आणि गणित सोडून देतात. नुसतं घड्याळ बघितलं तर हे सुटतं.

चालता चालता डोक्याचं काम करण्याचा सराव फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरू करा. तेच मानसिक काम आधी बसून, मग उभं राहून, मग चालताना. एक-दोन मिनिटांची फेरी, मग विश्रांती. एकूण १५ ते २० मिनिटं पुरेत. एका फेरीत ‘चाल सांभाळा, उत्तर चुकलं तरी चालेल’ असं सांगा, पुढच्या फेरीत उत्तरांवर भर द्यायला सांगा. लक्ष इकडून तिकडे वळवता येणं, हेच तर शिकायचं आहे.

बेचा पाढा म्हणायला लावू नका. तो तोंडपाठ असतो, मेंदूवर भार पडत नाही, शिवाय त्याच्या ठेक्यावर पावलं पडत जातात आणि चाल सुधारल्याचा भास होतो. वार उलटे म्हणणं किंवा वजाबाकी बरी.

सोबत करणाऱ्याने कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे राहून कमरेचा पट्टा धरावा. कमजोर हात धरून ओढू नये, खांदा दुखावतो. समोरून किंवा बाजूला वाकून बोललं की त्यांची मान वळते आणि मानेबरोबर चालही भरकटते. पाऊल घासलं, गुडघा मागे झटकला, काठी आणि पायाचा क्रम चुकला किंवा श्वास रोखला गेला की प्रश्न सोपा करा. ‘नीट चाला’ म्हणू नका, तेही एक जास्तीचं कामच झालं. वळताना, उंबरठ्यावर, जिन्यात गप्प राहा. रस्ता ओलांडताना गप्पा नकोत, आणि फोन वाजला तर कडेला थांबूनच घ्यावा.

चाल किंवा बोलणं अचानक बिघडलं, तर सराव लगेच थांबवून तातडीने रुग्णालय गाठा.

दुसऱ्या वाचकाचा प्रश्न : पक्षाघातामुळे माझ्या आईची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेलेली आहेत. तिला असा सराव कसा द्यायचा?

उत्तर : शब्दांचा खेळ तिला देऊ नका. त्यात अडचण चालण्याची की भाषेची, ते कळणारच नाही. चालताना मागून अधूनमधून घंटी वाजवा आणि थांबल्यावर किती वेळा वाजली ते बोटांनी दाखवायला सांगा. भाषेबरोबर आकडेही गोंधळले असतील तर निघण्याआधी एक चित्र दाखवा. फेरी संपल्यावर बसवून चार चित्रांतून तेच उचलायला सांगा. जमू लागलं की दोन चित्रं दाखवा. आपण काय करायचं ते तिला सांगून नव्हे, स्वतः एकदा करून दाखवा.