इंग्लंडमध्ये थेम्स सोडून अजून बोटी चालतात अशी, बघण्यासारखी नदी कोणती?

वीव्हर, चेशायरमधली. सेव्हर्न, ट्रेंट वगैरे आहेतच, त्यांच्यावर बाकीचे लिहितील. वीव्हरवर मला लिहायचंय, कारण माझे साडू तिला ‘सरकारी नाला’ म्हणून गेले.

साडू चिपळूणचे. वाशिष्ठीतून भरतीबरोबर दाभोळहून गोवळकोटपर्यंत गलबतं यायची, याचा त्यांना फार अभिमान. ते इकडे आले तेव्हा मी त्यांना नॉर्थविचजवळ अँडरटनला नेलं. खाली नदी, 50 फूट वर ट्रेंट-मर्सी कालवा आणि मधे 1875 ची बोटींची लिफ्ट. पाण्याने भरलेल्या दोन लोखंडी टाक्या, एक उतरली की दुसरी चढते. बोट आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर सारते, म्हणून बोट असो-नसो, टाकीचं वजन तेवढंच. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एवढा खटाटोप लागतो ती नदी कसली?”

अहो, खटाटोपाशिवाय चालणारी नदी दाखवा! 1721 मध्ये पार्लमेंटने कायदा केला, बंधारे आणि लॉक (बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद) बांधले, 1732 पासून बोटी थेट विन्सफर्डपर्यंत जायला लागल्या. मर्सी नदीपासून सुमारे 20 मैल आत. कशासाठी, तर मिठासाठी. खारं पाणी आटवायला कोळसा वर यायचा, मीठ खाली लिव्हरपूलला आणि तिथून जहाजाने कलकत्त्याला. बंगालची मिठागरं बसली त्यात या नाल्याचा हात आहे. जकातीतून उरलेला पैसा काउंटीचे पूल-रस्ते बांधायला जायचा, तेव्हा ‘सरकारी’ म्हणायला माझी हरकत नाही. जमिनीखालचं खारं पाणी उपसून उपसून नॉर्थविच खचलं, म्हणून तिथले 1899 चे फिरते पूल तरंगत्या टाक्यांवर टेकवलेत. इथल्या सोड्याच्या कारखान्याची ब्रनर माँड कंपनी 2006 मध्ये आपल्या टाटा केमिकल्सने घेतली.

वाशिष्ठीचा गाळ वेळच्या वेळी काढला असता तर आज गोवळकोटच्या धक्क्याला काय काय लागलं असतं, हे साडूंनी सांगावं.

बाकी, मालवाहतूक संपली, आता फक्त हौशी बोटी दिसतील. नॉर्थविच गाव काही देखणं नाही, चालायला डटन किंवा व्हेल रॉयलकडचा काठ धरा. आणि लिफ्ट दुरुस्तीसाठी बराच काळ बंद राहू शकते, आधी चौकशी करून निघा.