मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीत स्वावलंबी राहता येईल का?

अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या मॉन्टगोमेरी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) राहून अन्न, पाणी आणि वीज यांबाबत स्वावलंबी होता येईल का, की दूर कुठे जमीन घ्यावी, असे आपण विचारले आहे. मी याच काउंटीत राहतो आणि घरामागे भाजीपाला पिकवतो. माझे मत असे की संपूर्ण स्वावलंबन येथे साधणार नाही. मात्र दोन-तीन आठवडे बाहेरच्या मदतीशिवाय निभावेल अशी तयारी नक्की करता येते, आणि बहुतेक कुटुंबांना गरज पडते ती तिचीच.

साडेदहा लाखांहून अधिक वस्तीच्या या काउंटीत दक्षिणेला बेथेस्डा, सिल्व्हर स्प्रिंग असा दाट भाग आहे, तर पूल्सव्हिल, डिकरसनच्या बाजूला १९८० साली शेतीसाठी राखून ठेवलेला सुमारे ९३,००० एकरांचा पट्टा आहे. या पट्ट्यात साधारणपणे २५ एकरांमागे एकच घर बांधता येते, त्यामुळे लहान तुकडा सहजासहजी हाती लागत नाही.

तेथे जमीन घेतली की पाण्याची चिंता मिटली, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. तेथील बहुतेक घरे बोअरवेलवर अवलंबून असतात. वीज गेली की पंप थांबतो, दाबाच्या टाकीत उरलेले पाणी दोन-चार वेळा नळ सोडताच संपते आणि फ्लशची टाकीही पुन्हा भरत नाही. २९ जून २०१२ च्या वादळानंतर काउंटीतील कित्येक घरे ऐन उन्हाळ्यात अनेक दिवस विजेविना होती. म्हणून बोअर असेल तर हातपंप बसतो का, निदान पंपाचा भार पेलणारा जनरेटर घेता येईल का, हे आधी पाहावे. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. नळाचे पाणी असणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये, कारण ते मुख्यतः पोटोमॅक नदीतून येते, आणि ती दूषित झाली तर नळाचाही भरवसा राहत नाही. माणशी रोज चार लिटर या हिशेबाने दोन आठवड्यांचे पाणी घरात असावे.

पाऊस वर्षभर विखुरलेला, सुमारे १,००० मिलिमीटर पडतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस झाला तर २,३०० लिटरांच्या आसपास पाणी मिळते. ते बागेला उत्तम, पण पिण्यासाठी नव्हे. माती चिकण असल्याने तिच्यात भरपूर कंपोस्ट मिसळावे लागते. खरा शत्रू मात्र हरीण. घेवड्याचे कोवळे शेंडे ते एका रात्रीत खुडून टाकते, आणि आठ फुटी कुंपणाखेरीज दुसरा भरवशाचा उपाय मला सापडलेला नाही. टोमॅटोची रोपे एप्रिलअखेरच्या थंडीला बळी पडतात, म्हणून ती मे महिन्यातच बाहेर लावावीत.

एकंदरीत, ओल्नी किंवा जर्मनटाउनच्या बाजूला नळाचे पाणी आणि पाव एकर मोकळी जागा असलेले घर आपल्याला अधिक सोयीचे पडेल. करार करण्यापूर्वी तेथील घरमालक संघाची (वसाहतीतील घरांसाठी नियम ठरवणाऱ्या रहिवाशांच्या संघटनेची) नियमावली मागवून कोंबड्या, पाण्याची पिंपे आणि कुंपणाची उंची यांविषयीची कलमे तेवढी नीट वाचून घ्यावीत.