व्यसन सोडवण्यासाठी दिलेल्या गोळीनेच माणूस दगावू शकतो का?

गर्द सोडण्यासाठी तुमच्या धाकट्या भावाला डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन सुरू केले आहे, आणि अशा औषधांनी परदेशात माणसे मरतात हे वाचून वडील गोळी बंद करायला सांगत आहेत. तर काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. मी सांगलीत व्यसनोपचार करणाऱ्या एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. वडिलांची भीती निराधार नाही, परंतु गोळी अचानक बंद करणे हे ती चालू ठेवण्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे आहे.

परदेशातील त्या बातम्या बहुतांशी मेथाडोन या, गर्द सोडवण्यासाठीच दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या असतात. ते शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत कालच्या डोसवर आजचा डोस साचत जातो आणि परवा सोसलेली मात्राच आज श्वास मंद करू शकते. ब्युप्रेनॉर्फिनचा श्वासावरील परिणाम मात्र एका मर्यादेपुढे फारसा वाढत नाही. फ्रान्समध्ये १९९५ नंतर साध्या दवाखान्यांतूनही ते मिळू लागले आणि चार वर्षांत अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले.

घात होतो तो बहुधा मिश्रणाने. स्कॉटलंडमध्ये २०२० साली अमली पदार्थांमुळे १,३३९ मृत्यू नोंदले गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक प्रकरणांत मेथाडोनचा संबंध होता, पण ९३ टक्के मृतांच्या शरीरात एकाहून अधिक पदार्थ सापडले. अल्प्राझोलम किंवा नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या आणि दारू यांच्यासोबत घेतल्यास ब्युप्रेनॉर्फिनची ती मर्यादाही भरवशाची राहत नाही. झोप लागत नाही म्हणून भाऊ दुसऱ्या डॉक्टरांकडून गोळ्या आणत असेल, तर ही गोष्ट व्यसनोपचाराच्या डॉक्टरांना आजच सांगा.

आता बंद करण्याविषयी. गर्दचा जो डोस माणूस पूर्वी सहज पचवत होता, तो काही आठवडे दूर राहिल्यावर शरीराला झेपत नाही. परंतु तलफ तशीच असते आणि हातही जुन्याच अंदाजाने माप घेतो. म्हणूनच उपचार सोडल्यानंतरचे, किंवा तुरुंगातून वा कोंडून ठेवणाऱ्या केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जीवघेणे ठरतात. काही दिवस खंड पडलाच, तर जुनाच डोस घरच्या घरी सुरू न करता आधी डॉक्टरांना भेटावे. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत आमच्या परिचारिका समोर बसवून ठेवतात, तोंड उघडून पाहतात. नातेवाइकांना हे अपमानास्पद वाटते, परंतु गोळी खिशात जाऊन भलत्याच्या हाती पडू नये एवढाच त्यामागचा हेतू असतो.

घरातल्या सर्वांना एक लक्षण ठाऊक असू द्या. अतिमात्रा झालेला माणूस रात्री घरघर आवाजात घोरतो, आणि आई म्हणते, 'बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलाय, उठवू नका.' त्याला हलवा, मोठ्याने हाक मारा. तो जागा होत नसेल, श्वास तुटक असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर १०८ ला फोन करा, श्वास थांबत असेल तर तोंडाने श्वास द्या आणि तो स्वतः श्वास घेऊ लागला की कुशीवर वळवा. काय घेतले असेल ते न लपवता सांगा. रुग्णालयात अशा औषधांचा परिणाम उतरवणारे नॅलोक्सोनचे इंजेक्शन देतात, पण त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो आणि मूळ औषध शरीरात उरलेले असते. म्हणून तो शुद्धीवर आला तरी लगेच घरी आणण्याचा आग्रह धरू नका. वडिलांना पुढच्या खेपेस सोबत न्या आणि त्यांचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या.